आखाजीला दरीपलीकडून आलेला आवाज

गावात कुणाला लागिर झालं की आधी त्याला क्विनाइन देऊन पाहा म्हणणाऱ्यांपैकी मी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा असलं काही लिहून छापायला देणं जरा अवघडच वाटतंय... पण या सदरात बहुतेक सगळे भीतीचेच अनुभव लिहितात. माझा तसा नाही. मी त्या दिवशी पोट दुखेपर्यंत हसलो होतो, म्हणून धीर करून लिहितो.

आमचं गाव धुळ्यापासून चार कोसांवर, पांझरेच्या काठी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. सासरी असलेल्या बहिणीला आणायला भाऊ जातो. त्याला मूळ धाडणं म्हणतात. लेकी आल्या की झाडाझाडाला झोके बांधतात. आणि तिसऱ्या प्रहरी नदीवर खरी मजा! एका काठावर आमच्या गावच्या बायका, दुसऱ्या काठावर समोरच्या गावच्या, आणि मधल्या वाळूवरून एकमेकींना शिव्या. राग कुणालाच नाही, निव्वळ गंमत. माझी माय यात अशी पटाईत की समोरच्या गावच्या सासवा ती दिसली की आधी पाणी पिऊन घ्यायच्या.

माझ्या मोठ्या बहिणीचं, अक्काचं, लग्न एका कंपाउंडरशी झालं. धुळ्यातच राहीन, असा दाजींचा शब्द होता. पण ज्या डॉक्टरांच्या हाताखाली ते शिकले, ते सिलोनात चहाच्या मळ्यावर गेले आणि त्यांनी दाजींनाही बोलावून घेतलं. अक्का निघाली ती नेमकी आखाजीच्या चार दिवस आधी. माय दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "जा. आते तुले मूळ नही."

त्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षांत मायने अक्काचं नाव घेतलं नाही, आणि आखाजीला नदीवरही गेली नाही.

इंटरची परीक्षा संपली तेव्हा दाजींचं पत्र आलं — सुट्टीत ये, डोंगर दाखवतो. निघताना काकू म्हणाली, "लंकेले निघना का? शेपूट सांभाय रे भाऊ!" सगळे हसले. माय पीठ मळत होती. तिने मान वळवली नाही. दोघींना पुन्हा बोलतं करायचं, एवढंच माझ्या मनात होतं. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

चाळीसगाव, मनमाड, मग मद्रास, तिथून धनुष्कोडी आणि आगबोट. समुद्र मी पहिल्यांदाच पाहिला आणि पाहिला तो कठड्यावरून ओकत. सिलोनात मळ्याजवळच्या हॅटन स्टेशनवर अक्का उभी होती, थंडीमुळे डोक्यावरून शाल घेतलेली. पहिला प्रश्न — "मायनं काय धाडं?"

मी पटकन बिबड्यांची पिशवी पुढे केली. ज्वारीच्या त्या पापडांपैकी एक तिने तिथेच, कच्चाच, मोडून तोंडात टाकला.

"ह्या काकूच्या," ती म्हणाली. "माय इतकं तिखट घालत नाही. तुला खोटं बोलायला कॉलेजात नाही का रे शिकवत?"

मी खाली मान घातली. ती हसली, पण डोळे पुसत हसली.

पुढचे दिवस मात्र फार आनंदात गेले. दवाखान्यातून सुटी मिळाली की दाजी आम्हाला घेऊन निघायचे. आमचा सातपुडा चैत्रात पिवळा पडतो. इथे चैत्रातही डोंगर हिरवेगार, आणि ढग असे की कोपरानं बाजूला सारावेत. एक दिवस धबधब्यावर, एक दिवस उंच कड्यावर. कड्यावर दाजी बोट दाखवून "तो बघ समुद्र" म्हणाले, आणि अक्का म्हणाली, "चार वर्षं हेच सांगतात. मला अजून दिसला नाही." मळ्यातल्या तमिळ बायाही तिला अक्काच म्हणत. मोठ्या बहिणीला त्यांच्यातही तोच शब्द, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

पण फिरून आलो की तिचा प्रश्न ठरलेला. "माय मना काही इषय काढस का रे?"

मी बुटांची नाडी सोडत बसायचो.

आखाजीच्या दिवशी अक्काने सकाळीच दोर काढला. घरामागच्या डोंगराच्या सोंडेवर एक जुनं, आडव्या फांद्यांचं झाड होतं. त्याचं नाव मला माहीत नाही. दुपार टळल्यावर तिथे झोका बांधला. पलीकडे खोल दरी, आणि दरीच्या पल्याड दुसरा डोंगर... नुसतं रान. घर नाही, वाट नाही.

"झाड मोडेल," दाजी म्हणाले.

"मोडलं तर तुमच्यावर पडेल. झाडाला काही व्हायचं नाही," अक्का झोका उंच नेत म्हणाली.

मग ती उतरली, कड्याशी गेली, कमरेला पदर खोचला आणि दरीकडे तोंड करून ओरडली, "ए व पल्याडनी! तुन्हा चुल्हा थंडा, तुन्ही भाकर कच्ची!"

डोंगराने शेवटचे दोन शब्द परत दिले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दाजी प्रतिध्वनी समजावून सांगू लागले. आणि तेवढ्यात पलीकडून आलं —

"ए व खापरफोडी! मांडा करता येस का व तुले अजून?"

दाजींचं वाक्य अर्धंच राहिलं. अक्का बारा वर्षांची असताना तिने मायचं मांडे भाजायचं मातीचं खापर फोडलं होतं. तेव्हापासून घरात तिचं हे नाव. घराबाहेर ते कुणाला ठाऊक नव्हतं. दाजींनासुद्धा नाही. आणि आवाज... त्या आवाजाने मला रोज शाळेसाठी उठवलंय. तो मी कसा चुकेन?

अक्का घाबरली नाही. आश्चर्यानेही थबकली नाही. जणू चार वर्षं याचीच वाट पाहत होती, तशी ओरडली, "येस! तुन्हासारखा जाड नही करस मी!"

"जाड मांडा खाईसनच मोठी व्हयनी तू!"

मग जे जुंपलं! जावई, सासू, गाय, नाक — काही सुटलं नाही. दाजींच्या टकलाचा उद्धार पलीकडून झाला तेव्हा मी गवतावर लोळलो. खालच्या उतारावर पानं खुडणाऱ्या बायाही हात थांबवून हसत होत्या. त्यांतली एक काहीतरी म्हणाली. दाजी हळूच मला म्हणाले, "ती म्हणतेय, समोरची म्हातारी फार जोरात आहे."

म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं!

मग दरीत ढग भरला आणि सगळं शांत झालं. अक्काचा घसा बसला होता. "हरवलं तिला," एवढंच ती म्हणाली, आणि घरी येऊन पाच माणसांना पुरतील इतके मांडे केले.

मी घरी पत्रातून अवाक्षर कळवलं नाही. काय कळवणार होतो? पंधरा दिवसांनी परतलो. आबा, म्हणजे माझे वडील, बैलगाडी घेऊन स्टेशनवर आले होते. वाटेत म्हणाले, "तुन्ही माय औंदा आखाजीले नदीवर गई व्हती. सर्व्या बाया घर गयात, मग गई. समोर नुसत्या म्हशी. त्यास्ले शिव्या देस नि हासस!"

मी त्यांना वेळ दोनदा विचारून घेतली. 

रात्री माय वाढत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "काय रे, मना मांडा जाड व्हस का?"

मी म्हणालो, "तुले कोनी सांगं?"

"तिनंच तं सांगं. मन्ह्या तोंडवर." आणि मग, ताटात तूप सोडत, "तिले पत्तर लिख. म्हना, मूळ येस."

पुढच्या आखाजीला मीच मुराळी होऊन गेलो आणि अक्काला घेऊन आलो. नदीवर या वेळी दोघी एकाच काठावर होत्या. समोरच्या गावाचं काय झालं, ते विचारू नका.

कॉलेजातल्या फिजिक्सच्या प्रोफेसरांना मी सगळं सांगितलं. प्रतिध्वनी शब्द बदलत नाही, म्हणाले. पण हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मग मायलेकींना वेगवेगळं बसवून त्या दिवशी कोण काय बोललं ते विचारलं. वाक्यन् वाक्य जुळलं. एकच गोष्ट जुळत नाही — शेवटची शिवी आपलीच, असं दोघी म्हणतात.

हे झालं कसं, असं मी मायला एकदा स्पष्टच विचारलं. ती म्हणाली, "एवढं बी शिकाडत नहीत, तं त्या कॉलेजमां काय शिकाडतस तुमले?"