डीजेच्या गाडीसाठी सज्ज्यावर करवत

जुन्या नांदेडातल्या गल्लीकरांनो, आपल्या घरांना हात लावताना आपल्यालाच कुणी विचारत नाही. आजही तेच झालं.

दुपारी आपल्याच मंडळाची पोरं करवत घेऊन सविताताईंकडे आली. त्यांचा नक्षीदार सागवानी सज्जा एकोणिसाव्या शतकातला. तिथल्या उजेडात बसून त्या ब्लाउज शिवतात. मिरवणुकीतली डीजेची गाडी त्याखालून जात नाही, म्हणून तो कापायचा!

"ताई, दोनच फूट कापून राहिलो. वरून पत्रा मारून देतो."

"मग गाडीच दोन फूट काप की रे! भाड्याची तर हाय. मी इथून उठत न्हाई, चालव करवत!"

पोरं गेली, पण उद्या सकाळी परत येणार आहेत.

अरे, गल्ली बघून गाडी आणायची असते. गाडीसाठी गल्ली कापायची नसते!

उद्या सकाळी घरटी एकानं त्या सज्ज्याखाली येऊन उभं राहायचं.