चिखलकोळंबीला घातलेली आंघोळ

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत समुद्रातल्या प्राण्यांवर बोलायचं आमंत्रण आलं, तेव्हाच ठरवलं, चित्रं न्यायची नाहीत. जिवंत चिखलकोळंबीच न्यायची. शिवडीच्या चिखलात बिळं करून राहणारं हे कूळ. बोटाएवढा फिकट जीव, पोटाखालचे पाय हलवून बिळात पाणी ओढतो आणि त्यातलं अन्न गाळून खातो. नर-मादीची एक जोडी मी चिखल आणि खाऱ्या पाण्यासकट मोठ्या बरणीत ठेवली. त्यांनी काचेला लागूनच बीळ खणलं, त्यामुळे आतला संसार बाहेरून दिसायचा.

सकाळची गाडी बरी, उन्हं चढायच्या आत माणूस घाट चढून जातो. बरणी मांडीवर होती, म्हणून दरीकडे मी धड पाहिलंही नाही. खंडाळ्याला टांग्याचं भाडं आधीच ठरवून घ्या.

"ह्यात काय हाय, बाई?" टांगेवाल्यानं विचारलं.

"कोळंबी. जिवंत आहे, जपून हाका."

"म्या खड्डं चुकवीन, पर घोडं आयकाया पायजे!"

मुक्काम खंडाळ्यातच, शाळेच्या एका विश्वस्तांच्या बंगल्यात होता. त्यांना सगळे रावसाहेब म्हणत. आमटी-भात आणि शेंगदाण्याची चटणी झकास होती, हे कबूल करते. जेवून जरा पडले. उठून व्हरांड्यात आले तर बरणी लख्ख! चिखल नाही, बीळ नाही. नितळ पाण्यात तळाशी दोघं आडवी पडलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच करवून घेतलं," रावसाहेब म्हणाले. "मुलींपुढे असली घाण न्यायची? विहिरीचं स्वच्छ पाणी घातलंय."

"समुद्रातला जीव गोड्या पाण्यात मरतो. मला विचारायचं तरी!"

"दोन कोळंब्यांसाठी एवढा संताप? बाजारातून शेरभर मागवतो."

बरणी तशीच उचलून शाळेत नेली. रावसाहेब पुढच्याच खुर्चीत बसले होते.

जवळच्या इंदुरी गावाकडची एक मुलगी बरणीत डोकावली. "बाई, मेल्या व्हय ह्या? कशानं?"

"रावसाहेबांनी न विचारता त्यांचं घर धुऊन टाकलं, म्हणून."

मुख्याध्यापिका पांढऱ्याफटक पडल्या. रावसाहेब उठून गेले. मी फळ्यावर बीळ काढलं, आत दोघांना बसवलं आणि तास संपेपर्यंत बोलले. एकही मुलगी हलली नाही.

संध्याकाळच्या गाडीनं परतले. शाळेनं पुन्हा बोलावलं नाही. मैत्रिणी म्हणतात, ज्याचं मीठ खाल्लं त्याला चारचौघांत असं बोलू नये. मला मात्र वेगळीच चुटपुट लागून आहे: तेव्हा मी फार हळू आवाजात बोलले.