साडेतेरा हजार किलोमीटर आणि इंझोरीची बस

माझी धाकटी बहीण सॅन फ्रान्सिस्कोला असते. मुंबईहून तिथवर साडेतेरा हजार किलोमीटर आणि मध्ये कुठेही न थांबणारं विमान धरलं तर सोळा तास. मेडशीत राहणाऱ्या माझ्या आईला हे आकडे तोंडपाठ आहेत. मला इंझोरीला दिलं. दोन बस, तीन तास. ते आकडे तिला कुणी विचारत नाही आणि तीही कुणाला सांगत नाही.

आमच्याकडे माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घरात केर काढत नाहीत. मागच्या खेपेला बहीण महिनाभर राहून परत गेली, तेव्हा मीही माहेरीच होते. विमान उडालं तशी आई मोबाईलवरचा नकाशा उघडून बसली. त्यात इवलंसं विमान सरकत होतं आणि खाली उरलेले तास दिसत होते. घरभर शेंगांची टरफलं, भाच्यांनी सांडलेला चिवडा, त्याला लागलेल्या मुंग्या. मी केरसुणीला हात लावला तर आई ओरडली, "ठेव ते! पोरगी आभायात हाय. अजून नऊ तास हायेत."

खरं सांगते, माझा जळफळाट झाला. सख्खी बहीण सुखरूप पोचावी असं मलाही वाटत होतं, पण त्या मुंग्यांचासुद्धा मला हेवा वाटला.

ती पोचल्याचा मेसेज आला, घर लख्ख झालं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी निघाले. बसस्टँडवर गेल्यावर चष्मा राहिल्याचं लक्षात आलं, म्हणून दहा मिनिटांत परत आले. आई ओसरी झाडत होती. मला पाहून तिनं केरसुणी पाठीमागे धरली.

"काहून आली वं परत?"

"मी गेली अन् तू लगेच झाडून राह्यली?"

"अवं, तू कायची लांब? इथंच तं हायेस."

"तीन तास लागते मले! तिचं इमान अन् माही बस, पोरी तं दोघीबी तुह्याच ना?"

आईनं केरसुणी कोपऱ्यात उभी केली. मग हळूच म्हणाली, "पोचली की फोन कर. तवरिक नाई लावत हात."

दीडच्या सुमारास मी घरी पोचले. जेवले, चहा घेतला. फोन केला नाही. तीनला तिचाच आला.

"कुठवर आली?"

"मंगरूळपीरलेच हाय. बस बंद पडली."

जीभ जराही अडखळली नाही. चारला पुन्हा फोन, पाचला पुन्हा. जेवली काय, पाणी हाय काय, सावलीत बस. लग्नानंतर इतक्या मायेनं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी स्वतःच्या पलंगावर पाय पसरून बंद पडलेल्या बसची हकिकत सांगत होते. दिवेलागणीला तिचा आवाज कापायला लागला. "मी येऊ काय वं तिकडं?"

"पोचली, आई," मी म्हटलं.

दिवे लागल्यावर आई केरसुणीला हात लावत नाही. म्हणजे ओसरी आता सकाळपर्यंत तशीच राहणार. मी बोटांवर तास मोजले. सोळापेक्षा जास्त भरले. लाज वाटली, आणि तरी पुन्हा एकदा मोजले.