दवातला शोरा

सुखदेव मास्तर गेल्याची वार्ता त्यांच्या मेहुण्याने आणली तेव्हा मी गंध उगाळीत होतो. हात उगाळीतच राहिला... देवापुढे गंध न्यायचे भान आले, तोवर ऊन अंगणभर पसरले होते.

आंजीच्या शाळेत ते विज्ञान शिकवीत. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे. त्यांनी बौद्ध दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात ते माझ्या दारी आले. माझ्या घराचे मातीचे सपाट धाबे गावात सर्वांत उंच. तेथे काचा मांडून त्यांना पहाटेचे दव गोळा करावयाचे होते. हवेत शोऱ्याच्या जातीचा, नत्र असलेला एक क्षार तरंगतो आणि दवातून खाली उतरतो, असे ते सांगत. तो आकाशातील विजेतून येतो, आगगाडीच्या धुरातून की गोठ्यातून, याचा त्यांना शोध घ्यावयाचा होता. "नत्राचे दोन भाऊ असतात, शास्त्रीजी. एक जड, एक हलका. दोघं किती किती हायेत, त्यावरून घर समजते." मुंबईच्या एका प्रयोगशाळेने हे मोजून देण्याचे मान्य केले होते, तेही एकदाच.

सायंकाळी ते काचा मांडून जात. पहाटे कपाशीच्या पऱ्हाटीची शेते धुक्यात विरघळलेली असत, आणि त्या पांढऱ्या निःशब्दतेत मास्तर एकेक थेंब पिसाने कुपीत उतरवीत... निर्माल्यावरचे तीर्थ टिपावे तसे. मी खालून पाहत राही.

महिन्याभराने मुंबईचे पत्र घेऊन ते पायरीशी उभे राहिले.

"हा सारा नत्र गोठ्यातला हाय म्हणतात. धाब्यावर गाय चढवली होती काय, शास्त्रीजी?"

मला हसता आले नाही. "सायंकाळी तुम्ही गेल्यावर रोज धाब्यावर गोमूत्र शिंपडीत होतो."

"काऊन?"

"शुद्धीसाठी."

"धाब्याच्या, का माह्या?"

आयुष्यभर मी सत्याची वचने पाठ करवून घेतली होती. खरे सांगावे तर हा माणूस पुन्हा या दारी येणार नव्हता. त्यांनी प्रयोगाची वही पुढे केली. "चूक कुठून आली, ते लिहावं लागते. तुमीच लिवा."

मी लिहिले: 'मास्तरांच्या स्पर्शाच्या शंकेने मी गोमूत्र शिंपडले.' त्यांनी ओळ वाचली, शाई वाळू दिली आणि वही मिटून निघून गेले.

शिंपडणे त्या दिवसापासून सुटले. पण वर्षभर धाब्याकडे पाहवेना. पुढच्या हिवाळ्यात एका सायंकाळी भिंतीला शिडी टेकल्याचा आवाज आला. मास्तर वर उभे होते. "या वर, शास्त्रीजी. मुंबईवाले आणखी एकदा मोजून देतो म्हणतात. ही काच धरा जरा." काचेचे एक टोक त्यांच्या हाती, दुसरे माझ्या... आम्ही ती धाब्यावर मांडली. ते माझ्याच धाब्यावर का परतले, हे विचारण्याचे धैर्य मला अखेरपर्यंत झाले नाही.

परवा त्यांच्या पत्नी ती वही देऊन गेल्या. माझ्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलेली त्यांची ओळ आहे. तारीख त्याच दिवसाची.

'नमुना बाद. जागा बाद नाही.'