उजव्या दारावरची थाप

प्रिय इरा आणि निनाद,

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुला कधी कुठला अमानवीय अनुभव आलाय का?" मी हसून विषय बदलला. खरं सांगायचं तर आला होता... एकदाच, पण चांगला अकरा दिवस चालला. आजवर मी तो कोणाला नीट क्रमाने सांगितलेला नाही. तुमच्या त्या ग्रुपवर टाकायचा असेल तर खुशाल टाका, फक्त माझं नाव गाळा.

माझ्याकडून असलं काही ऐकायला मिळेल असं माझ्या ओळखीच्या कोणालाही वाटणार नाही. माझ्या वडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा मी कॉलेजात होते. त्या दिवसापासून आमच्या घरात ना नारळ फुटला, ना कोणाची दृष्ट काढली गेली. पुढे मी फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाले, सगळं इंग्रजीतून. शिकवायला लागल्यावर वर्गात मुली भुतांच्या गोष्टी सांगू लागल्या की मी विचारत असे – आवाज आला ना, मग तो कुठल्या वस्तूच्या कंपनातून आला ते सांगा. हे वाक्य पुढे माझ्यावरच उलटलं.

तुमची आई तेव्हा सहावीत होती. आम्ही जबलपुरात कांचघरला राहत होतो. आजोबा रेल्वेत, ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झालेला, त्या अंथरुणावर. आणि अशात मला बढती मिळाली – पाटनच्या मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. पाटन म्हणजे तीस-पस्तीस किलोमीटर. सकाळी सोयीची बस एकच, आणि ती यायची तेव्हा यायची.

मी खात्यातल्या साहेबांना भेटले. त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही.

"मैडम, हेडमिस्ट्रेस को मुख्यालय में रहना पड़ता है. अपडाउन वालों का हाल मुझे मालूम है."

मी घरची अडचण सांगितली.

"तो मत लीजिए प्रमोशन. लेने वाले बहुत हैं."

"मैं रोज़ टाइम पर पहुँचूँगी, सर."

आता त्यांनी वर पाहिलं. "ठीक है. एक साल देखूँगा. प्रार्थना की घंटी आपके बिना एक दिन भी बजी, तो प्रमोशन वापस. और मैं बताकर नहीं आता."

घरी येऊन मी आजोबांना म्हटलं, आपण गाडी घेऊ या. ते म्हणाले, "सायकल घेऊन राहिली का?" मी म्हटलं, मोटार. चालवायला मी भावाच्या जीपवर शिकले होते, लायसन्स पेटीत पडून होतं. पण तेव्हा नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे, आणि जुनी बरी गाडी कोणी सोडत नसे. एकच गाडी कोणाला नको होती.

जबलपूरच्याच सदर भागात एक लहानसा दवाखाना होता. तिथली फ्रेंच डॉक्टरीण म्हातारपणी मायदेशी परत गेली आणि तिची स्टेशन वॅगन आंब्याखाली राहिली. राखाडी रंगाची, लांबलचक, नाकावर सिंह, दिवे पिवळे. मागच्या सीटमागे एवढी सपाट जागा की पेशंट झोपवून नेता यावा. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. आणि ते स्टिअरिंग डाव्या बाजूला! म्हणूनच कोणी घेत नव्हतं. तिथल्या म्हाताऱ्या चौकीदाराने, रामदीन भैयाने, किल्ली फिरवली तर पहिल्या झटक्याला सुरू झाली. मी तिथेच ठरवलं.

"काहून घेते ही ब्याद?" आजोबा म्हणाले. "मी उजवीकडं बसलो तर लोक मलाच ड्रायव्हर समजतील, अन् मला तर काही चालवता येत नाही."

"मग हात बांधून बसा. लोकांना वाटेल, काय कमाल ड्रायव्हर आहे."

अडचण खरी होती, तीही समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात. चालवणारी डावीकडे बसली की पुढच्या ट्रकपलीकडचं तिला काही दिसत नाही. ओव्हरटेक करायचं तर अर्धी गाडी बाहेर काढावी लागते, आणि तोवर समोरून येणारा आलेला असतो. यावर उपाय एकच – उजवीकडे डोळस माणूस बसवणं. ते माणूस मला मिळालं. कुसुम, आमच्याच गल्लीतली, पाटनच्या शाळेत शिवणकामाची बाई. इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं ऐकू येईना, म्हणून आम्ही बसच्या कंडक्टरची पद्धत घेतली. खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थाप मारायची. एक थाप – थांबा. दोन – चला.

"ताई, बी.ए. केलं मी, अन् तुम्ही मला कंडक्टर करून राहिल्या," कुसुम म्हणायची. पण थाप अशी मारायची की बोनेटपर्यंत जाणवावी.

तिला विणकामाचा नाद. रस्ता मोकळा असला की सुया चालू. गावागावांत लोक बघायचे, की ड्रायव्हरच्या जागी बसलेली बाई स्वेटर विणून राहिली आणि गाडी धावते आहे. एकदा एका हवालदाराने आम्हाला थांबवलं, उजवीकडे जाऊन कुसुमला म्हणाला, "बहनजी, कम से कम एक हाथ तो स्टिअरिंग पर रखिए." कुसुमने त्याला सुयांसकट दोन्ही हात दाखवले. "स्टिअरिंग है कहाँ, भैया?" तो वाकून बराच वेळ शोधत होता.

ती गाडी माझी रोजची गाडी झाली. जुनी होती, म्हणून दर रविवारी मी स्वतः प्लग साफ करायची, पाणी-ऑइल बघायची. जुलैपासून डिसेंबरपर्यंत प्रार्थनेची घंटा एकदाही माझ्याआधी वाजली नाही. एका सुटीत आम्ही मागे गादी घालून सासूबाईंना झोपवलं आणि बरगीला धरणाचं काम दाखवायला नेलं. चार वर्षांत त्या पहिल्यांदा घराबाहेर पडल्या होत्या. "सून माझी मोटारवाली आहे," हे त्यांनी पुढे महिनाभर दूधवाल्यापासून सगळ्यांना सांगितलं.

जानेवारीत कुसुमला कावीळ झाली.

आजोबांची त्या आठवड्यात सकाळची ड्यूटी. दुसरं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी मी तासभर आधी निघाले आणि एका ट्रकच्या मागे मुकाट्याने पाटन गाठलं. दुसऱ्या दिवशीही तशीच निघाले, पण धुकं असं की बोनेटवरचा सिंह दिसेना. मटाराचा हंगाम होता, रिकाम्या ट्रॉल्या माल भरायला पाटनकडे चाललेल्या. वाटेतल्या नुनसर गावाच्या पुढे एका ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे मी अडकले. रिकाम्या पोत्यांचा ढीग, त्यावर ताडपत्री, आणि बैलगाडीचा वेग. घड्याळात दहा वाजून पाच. साडेदहाला घंटा. त्या वेगाने मी अकराला पोचले असते.

मी कान लावला, पलीकडून काही आवाज नाही. गिअर बदलला आणि गाडी उजवीकडे काढायला लागले.

धप्.

उजव्या दारावर एक थाप. बाहेरून. उघड्या तळव्याची, अगदी जोरात.

विचार करायला वेळच नव्हता, सहा महिन्यांच्या सवयीने पाय ब्रेकवर गेला आणि मी गाडी आत घेतली. त्याच क्षणी धुक्यातून एक बस आली... दिवे नाहीत, हॉर्न नाही... आणि माझ्या उजव्या आरशाला जवळजवळ पुसून गेली.

मी उजवीकडे पाहिलं. सीट रिकामी. काच पूर्ण वर. थंडीमुळे मीच ती घरून निघताना चढवली होती.

मी स्वतःला म्हटलं, दगड उडाला असेल. आणि तेवढ्यात – धप्, धप्.

दोन. म्हणजे चला.

मुलांनो, मी गेले. का गेले ते विचारू नका. पंधरा वर्षं फिजिक्स शिकवलेली बाई, समोरचं काही दिसत नसताना, रिकाम्या सीटच्या सांगण्यावरून गेले. रस्ता मोकळा होता. पुढे आणखी एक ट्रॉली, पुन्हा एक थाप, थोड्या वेळाने दोन. पुन्हा मोकळा.

दहा सत्तावीसला मी शाळेच्या फाटकात शिरले. आत खात्याची जीप उभी होती. साहेब व्हरांड्यात मफलर बांधून उभे, नजर मनगटावर.

"इस कोहरे में कैसे आ गईं?" त्यांनी विचारलं.

"गाड़ी से, सर," मी म्हटलं, आणि शिपायाला घंटा द्यायला सांगितली. प्रार्थनेत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं मुली नंतर सांगत.

त्या संध्याकाळपासून मी पद्धतशीर शोध सुरू केला. दाराचं लॉक, काचेचं रबर, आतला पत्रा, मडगार्ड, सगळं मिस्त्रीकडून तपासून घेतलं. काही सैल नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम खड्ड्यांतून गाडी नेली, थाप नाही. पुढे वाट अडवणारं वाहन असेल तेव्हाच ती यायची, आणि एकदाही चुकली नाही. मग मी खडू पाण्यात कालवून दाराला बाहेरून पांढरा लेप दिला. हाताचा, दगडाचा, कशाचा तरी ठसा उमटायलाच हवा. त्या दिवशी पाटनपर्यंत पाच वेळा थाप आली. उतरून पाहिलं... लेप जसाच्या तसा, नखाएवढाही ओरखडा नाही.

आजोबांना सांगितलं तेव्हा ते हसले. सुटीच्या दिवशी बरोबर आले, उजवीकडे बसले. काही नाही. "तुला झोप पाहिजे, बस," असं म्हणाले. परतताना मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं. एका ट्रकच्या मागे आलो आणि धप्. मी आरशात पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या डब्यावर होते. मग धप्, धप्. मी ट्रक ओलांडला. कांचघर येईपर्यंत ते मागून त्या उजव्या दाराकडे बघत राहिले. दारात उतरताना म्हणाले, "आईला सांगू नको. अन्... रोज तू अशी जाते?"

"रोज."

"मग बरं आहे," ते म्हणाले. "मला काळजी होती, तू एकटी जाते म्हणून."

मी सदरला जाऊन रामदीन भैयाला गाठलं. डॉक्टरीणबाईंच्या उजवीकडे कोण बसायचं, कोणी नर्स, दाई, नोकर? मनात म्हटलं, काही तरी दुवा मिळेल. तो म्हणाला, "कोई नहीं, दीदी. बीस साल अकेली चलाईं. पाटन, कटंगी, सब जगह. हम भी पूछते थे, मेमसाब, उधर का रास्ता कौन देखता है? बस हँस देती थीं."

म्हणजे डॉक्टरणीच्याही उजवीकडची सीट रिकामीच होती; जे मला समजत नव्हतं ते एक पिढी मागे ढकललं गेलं, एवढंच. मी तिला पत्र लिहावं म्हणून पत्ता मागितला. दवाखान्यात कोणाकडेही नव्हता.

पहिली थाप आली त्या दिवसापासून बाराव्या दिवशी कुसुम आली, पिवळीच दिसत होती, पण आली. उजवीकडे बसली, काच खाली केली, हात बाहेर काढला. त्यानंतर गाडी आमच्याकडे नऊ वर्षं होती. मी एकटीही पुष्कळदा गेले, पण ती थाप पुन्हा कधी ऐकू आली नाही. तोवर मला त्या रस्त्याचं वळण न् वळण पाठ झालं होतं, हे कारण असेल का? कारण शोधायची सवय अजून जात नाही.

जून संपता संपता साहेब न सांगता पुन्हा आले. हजेरीचं रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उलटलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मैडम, मैं हार गया. अब आराम से रहिए, कोई नहीं पूछेगा." त्यांनी माझ्या कन्फर्मेशनच्या कागदावर तिथेच सही केली. मी त्या शाळेत निवृत्त होईपर्यंत राहिले. मी आले तेव्हा तिथे आठवीपुढे सतरा मुली होत्या, मी निघाले तेव्हा अकरावी-बारावीचे दोन दोन वर्ग भरत होते.

तुम्ही विचाराल, ते काय होतं. मला माहीत नाही. ध्वनी होता, कंपन सापडलं नाही. आजोबा गेले, कुसुम गेली, आता साक्षीला मी एकटीच आहे, त्यामुळे विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. पण त्या वर्षी पाटनला प्रार्थनेची घंटा माझ्याशिवाय एकदाही वाजली नाही, आणि त्याचं सगळं श्रेय आजवर मी एकटीने घेतलं. त्यातले अकरा दिवस माझे एकटीचे नव्हते. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, ते आज ठेवलं.

तुमची,
आजी