दिजाँची फरसबी

“एवढा वेळ बोलत होती ती बाई, आणि तू मला सांगितलंस काय, तर ‘शी सेज ओके लाह’!” शुभदाने कढई टेबलावर आदळली.

“बिकॉज दॅट्स बेसिकली व्हॉट शी सेड, आई,” इरा म्हणाली. शाळेत ती फ्रेंच शिकते, म्हणून सुट्टीतल्या फ्रान्सच्या सहलीत दुभाषी तीच होती.

पद्माकरने फरसबी ताटाच्या कडेला सारली. “अगं, भाजीवाली होती ती. तुझी मुलाखत घेत नव्हती.”

भाजी कडू झाली होती. सहलीहून आणलेली वाटलेल्या मोहरीची बाटली शुभदाने आज उघडली आणि मोहरी म्हटल्यावर चमचाभर सरळ फोडणीतच घातली. ती ओट्यावर, भिंतीवर, तिच्या कोपरापर्यंत उडाली.

पॅरिसहून एका दिवसासाठी मोहरीच्या गावाला, दिजाँला, जायचा हट्ट तिचाच. ही बाई इथे सिंगापुरात तुआसच्या एका कंपनीत हिशेब बघते, पण कुठल्याही गावी गेली की आधी मंडई विचारते. दिजाँची मंडई जुनी, उंच लोखंडी खांबांची. आत शिरताच ती इतकी हरखली की पर्स पद्माकरच्या गळ्यात अडकवून पुढे पळाली. जात्याएवढी चीज! गुलाबी मुळ्यांच्या जुड्या! फरसबी दिसली तशी तिने एक शेंग उचलून कट्कन मोडली. घराजवळ, बुकित पंजांगच्या बाजारातही ती हेच करते. तिथली आँटी आधी ओरडते, मग कोथिंबीर वर टाकते.

दिजाँची भाजीवालीही ओरडली. शुभदाने गडबडून मोडलेली शेंग तोंडात टाकली. “अगंबाई, काय कोवळी आहे!”

भाजीवाली थांबली, हसली. दुसऱ्या टोपलीतली शेंग स्वतः मोडून तिने शुभदाच्या हातावर ठेवली आणि जी बोलत सुटली! गाळ्यावर ठेवलेल्या मोहरीच्या बाटलीकडे बोट, हवेत कढई, मग डोळे मिटून हात छातीवर. मागे रांग वाढत होती, इरा शरमेने लाल झाली होती, आणि शुभदा आनंदाने मान डोलावत उभी होती.

“ती हात हलवत होती, तेव्हा मोहरी शेवटी घाल म्हणाली का?” शुभदाने आता कडू भाजीकडे बघत विचारलं.

इरा आठवू लागली. “समथिंग लाइक... गॅस बंद केल्यावर. अँड समथिंग अबाउट हर मदर.”

“आईचं काय?”

“फरगॉट. सो फास्ट लाह, शी टॉक!”

“यूट्यूबवर शंभर रेसिप्या मिळतील,” पद्माकर म्हणाला.

“मला रेसिपी नकोय. ती मला तिच्या आईचं काय सांगत होती, ते हवंय. पुढच्या वर्षी मी परत जाणार आणि तिलाच विचारणार.”

“कुठल्या भाषेत? अगंबाई?”

इरा फिसकन हसली. शुभदाने कढई उचलून सिंकमध्ये ठेवली आणि नळ सोडला.

“येत्या शनिवारपासून मी सकाळी बुओना व्हिस्टाला फ्रेंचच्या क्लासला जाणार. शनिवारचा स्वयंपाक तुम्ही दोघं करा.”