खडीत रुतलेली गाडी आणि एसटीवाले बाबा

मंडळी, आत्ताच दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला घरी पोचलोय. केसांत अजून धूळ आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही!

काल मी, नवरा नीलेश, आमची नऊ वर्षांची इरा आणि साताऱ्याहून आलेले माझे सासरे रास अल खैमाच्या डोंगरांत कॅम्पिंगला गेलो होतो. बाबा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. पण इथे आल्यापासून आम्ही त्यांना साधी भाजी आणायलाही पाठवत नाही.

आज सकाळी निघताना दरीतल्या खडीत गाडी रुतली. नीलेश जितकी रेस करी, तितकी चाकं खाली जात होती. मोबाइलला रेंज नाही, त्यात डोंगरावर ढग जमले. पाऊस झाला तर याच दरीतून पाण्याचा लोंढा येतो.

"थांब रे, उगाच रेस करू नकोस!" म्हणत बाबा उतरले. त्यांनी टायरमधली थोडी हवा सोडायला लावली, खडी उपसली, चाकांखाली आमची चटई सारली. मग समोर उभं राहून हात दाखवू लागले, "हळू... डावीकडं घे... येऊ दे, येऊ दे!"

गाडी बाहेर! इरा किंचाळली, "आजोबा, यू आर द बेस्ट!"

"यल्ला, चला आता," बाबा म्हणाले. हा अरबी शब्द ते कधी शिकले कुणास ठाऊक!

सध्या ते मित्राला फोनवर सगळं सांगताहेत. चाकं अर्धी रुतली होती, त्यांच्या गोष्टीत अख्खी गाडी गाडली गेलीय. नीलेश शेजारी बसून आनंदाने "हो, हो" म्हणतोय.

तुमच्या घरच्या मोठ्यांनी असं कधी चकित केलंय? लिहा, बाबांना वाचून दाखवते.